होबी बेकरला म्हणे मरायचंच होतं!

सकाळी एक रील बघितलं आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा खेळाडू होबी बेकर. रीलवाला सांगतो, खेळ संपला, पहिलं महायुद्ध संपलं, मग जगून करायचं काय? म्हणून त्यानं स्वतःच मरण निवडलं. मागे व्हायोलिन, खाली बदामांचा पाऊस.

अरे, २६ वर्षांचा पोरगा होता तो! १९१३ साली कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन (तो अंडाकृती चेंडूचा, अमेरिकन). डोक्यावर हेल्मेट न घालता खेळायचा. आईस हॉकीत तर त्याला तोड नव्हती, आणि मॅच संपली की समोरच्या संघाच्या खोलीत जाऊन आभार मानून यायचा. पुढं फ्रान्समध्ये लढाऊ वैमानिक झाला. ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं. २१ डिसेंबरला, घरी जायचा हुकूम आलेला असताना, तिथल्याच तूल गावच्या विमानतळावरून शेवटची एक चक्कर मारायला निघाला. नुकतंच दुरुस्त केलेलं विमान होतं. इंजिन बंद पडलं. संपलं.

माझा मामा एकाहत्तरच्या लढाईवरून कोल्हापूरला परत आला, तर दुसऱ्याच दिवशी पेठेतली पोरं मॅचला बोलवायला दारात. आज्जीनं बूट लपवले. "आता कुठं जायाचं न्हाई." मामा अनवाणी गेला. मरायला गेला होता का तो? खेळाडूचा पाय घरात ठरत नाही, एवढंच!

बेकरला बँकेतली नोकरी आवडायची नाही, ठरलेलं लग्न मोडलं होतं. बरं, मान्य. अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

आणि ते विमान कुणीतरी तपासायला हवंच होतं ना? तो तुकडीचा प्रमुख होता. दुसऱ्याला पुढं करणाऱ्यांतला नव्हता तो.

आज्जी त्या दिवशी बूट पदराखाली घेऊन मैदानाच्या कडेला उभी होती म्हणे, मॅच संपेपर्यंत. मामा जगला, म्हणून ही गोष्ट आम्ही हसत सांगतो. पाय मुरगळून पडला असता तरी आज्जीनं लढाईलाच शिव्या घातल्या असत्या, आणि बरोबरच होतं तिचं. मेलेल्यालाच हवं होतं म्हटलं, की युद्ध मोकळं सुटतं.

१९८१ पासून अमेरिकेतल्या सगळ्यात चांगल्या पुरुष कॉलेज आईस हॉकीपटूला दरवर्षी बेकरच्या नावाचं बक्षीस देतात. घेणारी पोरं विशीतली असतात. त्यांच्यासमोर उभं राहून म्हणेल का कुणी, की कॉलेज संपलं, आता तुम्ही जगून काय करणार?