कढईतलं पोर आणि पख्तूनमधला ख

दादा, पठाण म्हणजेच पश्तून किंवा पख्तून कुठून आले यावरच्या माझ्या पोस्टखाली एवढी लांब कमेंट टाइप केलीत त्याबद्दल थँक्यू, 'बायस्ड' म्हणालात ते सोडून देतो. तुमचे वादाचे मुद्दे दोन. एक, पख्तून म्हणजे ऋग्वेदातली पक्थ ही टोळी हे शेंबड्या पोरालाही कळतं आणि मी ते मुद्दाम दाबलं. दोन, पठाण स्वतःच आम्ही बनी इस्राईल, म्हणजे ज्यूंचे वंशज, म्हणतात तर त्यांना खोटं पाडणारा मी कोण.

पक्थ सातव्या मंडलात आहेत, दाशराज्ञ म्हणजे दहा राजांच्या युद्धात, अलिन-भलान या टोळ्यांच्या जोडीला, आणि ते त्याच डोंगरांकडचे असतीलही, मी कुठे नाही म्हणतोय. पण पक्थ आणि पख्तून सारखे वाटतात म्हणून तुम्ही सगळा भार टाकलाय तो 'ख'वर आणि तो ख च मुळात नवा आहे हो. पश्तोत, म्हणजे पठाणांच्या भाषेत, एक अक्षर आहे, कंदाहारचा माणूस ते जीभ वळवून आपल्या ष सारखं म्हणतो आणि पेशावरचा घशातून ख म्हणतो, म्हणून तिकडे पश्तून न् इकडे पख्तून. आपल्याकडे भाषाचं भाखा झालं ना, तसलाच प्रकार, जुना उच्चार ष वालाच. मॉर्गेनस्टिएर्ने नावाच्या नॉर्वेच्या भाषापंडितानं अख्खी हयात या भाषांत घालवली, त्यानंही पक्थ बाजूला ठेवून 'पर्सवाना' असं काहीतरी जुनं रूप सुचवलं. भारतीय पुरावाच हवा असेल तर वराहमिहिराचे 'अवगाण' घ्या, सहावं शतक, आणि ते अफगाण या शब्दाशी सरळ जुळतं.

आता बनी इस्राईल. तालूत (बायबलमधला सौल) राजाचा नातू अफगाना, त्याच्या वंशात कैस अब्दुर रशीद, त्याची तीन मुलं सरबन, बैतन, घरघश्त, ही सगळी वंशावळ नीट मांडली नियामतुल्लानं 'मखझन-ए-अफगाणी'त, साल १६१३ च्या आसपास, जहांगीरचा सरदार खानजहान लोदी याच्या पदरी राहून. (हाच लोदी पुढे शहाजहानशी बिनसल्यावर पळून आपल्या निजामशाहीत आला.) म्हणजे मोगल दरबारात इराणी-तुराणी अमिरांसमोर ताठ उभं राहायचं तर घराणंही तोलामोलाचं पाहिजे, त्या काळातलं हे लिखाण. आणि युसुफझाई या पठाण टोळीच्या नावात युसुफ आहे म्हणून ज्यू म्हणायचं असेल तर आपल्या गल्लीतल्या युसुफभाईंचं काय करायचं? पश्तो ही पूर्व इराणी शाखेची भाषा, हिब्रूशी तिचं नातं नाही. खडकीच्या लढाईवाला एल्फिन्स्टन १८०९ ला पेशावरला शाह शुजाकडे वकील म्हणून गेला होता, त्यानंही १८१५ च्या पुस्तकात ही कथा रोमन लोक ट्रॉयहून आले या कथेच्या रांगेत बसवली.

पण खोटारडे मी कुणालाच म्हटलेलं नाही, आणि इथंच तुमचं माझं बिनसतंय. त्याच वंशावळीत चौथी शाखा आहे, करलाणी. कथा अशी की दोघा भावांना उठून गेलेल्या तळावर एकाला लोखंडी कढई सापडली न् एकाला तान्हं पोर, दोघांनी अदलाबदल केली, आणि त्या कढईवरून पोराचं नाव पडलं करलाण. आफ्रिदी, वझीर, मेहसूद, खटक हे सगळे या पोराचे वंशज! खुशाल खान खटक, पश्तोचा सर्वात मोठा कवी, औरंगजेबाशी भांडलेला, तो या दत्तक शाखेतला, आणि त्याला कमी पश्तून म्हणायची कुणाची टाप नाही. म्हणजे ज्यांनी वंशावळ रचली त्यांनीच तिच्यात उघड उघड दार ठेवलंय, बाहेरून आलेला पश्तो बोलला, पश्तूनवलीनं, म्हणजे पठाणांच्या रीतीनं, वागला, पाहुण्याला आणि शरण आलेल्याला सांभाळलं की आत. आपल्या ९६ कुळ्यांचे सूर्यवंश-सोमवंश कुणी रक्त तपासून लावलेत का? मग पठाणांकडूनच डीएनए रिपोर्ट कशाला मागायचा.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. 'अल्लाउद्दीन खिलजी पठाण होता' असं मी बिनधास्त ठोकून दिलं होतं. खिलजी हे मूळचे खलज, त्यांना तुर्क धरतात, अफगाण मुलखात राहून राहून ते तिकडचे झाले, आणि आजची गिलजाई ही पठाण टोळी त्यांच्यातूनच आली का यावर अजून वाद आहे. ते वाक्य रात्री बदलतो, खाली तुमच्या कमेंटचा उल्लेख करून.