कोन्सेसांववरच्या तुमच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली होती. पहिल्यांदा वाचून डोकं तापलं, म्हणून चार दिवस तशीच ठेवली. (लेखाच्या नायकाला हे कधी जमलं नाही, हे तुम्ही दाखवून दिलंच आहे.)

इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: पोर्तुगालचा माजी फुटबॉलपटू आणि आता प्रशिक्षक असलेल्या सर्जिओ कोन्सेसांववरचा माझा लेख म्हणजे निव्वळ आरती आहे. युरो २००० मधली त्याची हॅट्‌ट्रिक एका फुकटच्या सामन्यातली. पोर्तो या पोर्तुगीज क्लबचा कोच म्हणून सात हंगामांत लीग फक्त तीन. इटलीच्या एसी मिलानने पाच महिन्यांत नारळ दिला. आणि त्याच्या वागण्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

शेवटच्या मुद्द्यावर मी सपशेल शरण. स्टँडर्ड लिएज या बेल्जियन क्लबकडून खेळताना त्याला मिळालेला २००५चा बेल्जियन गोल्डन शू (तिथल्या लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मी कौतुकाने लिहिला, पण २००६ मध्ये तिथेच तो प्रतिस्पर्ध्यावर थुंकला, लाल कार्ड मिळाल्यावर अंगातली जर्सी काढून रेफरीवर फेकली आणि काही महिने बंदी भोगली, हे गाळलं. विसरलो नव्हतो, गाळलं. जानेवारी २०२५ मध्ये पार्माविरुद्ध मिलान शेवटच्या क्षणी जिंकलं आणि हा गडी आनंद साजरा करायचा सोडून मैदानातच कालाब्रिया या आपल्याच कर्णधाराच्या अंगावर धावून गेला. सोळाव्या वर्षी वडील अपघातात गेले, दोन वर्षांत आई गेली, हे लेखात होतं. पण पोरकेपण हे रागाचं कारण असेल, त्याची माफी नव्हे. लेखात मी ती माफी ध्वनित केली होती, ते मागे घेतो.

आता हॅट्‌ट्रिक. इथे तुम्ही अर्धंच बरोबर आहात. २० जून २०००, रॉटरडॅम. पोर्तुगालने इंग्लंड आणि रुमानियाला हरवून गटात पहिला नंबर आधीच पक्का केला होता, म्हणून कोच उंबेर्तो कोएल्योने फिगो, रुई कोस्टा वगैरे मंडळींना विश्रांती दिली. सामना फुकटचा होता तो पोर्तुगालला. जर्मनीच्या खात्यात एकच गुण होता, जिंकल्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं. गोलमध्ये ऑलिव्हर कान, आणि माथेउसचा तो १५०वा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. निकाल ३-०, तिन्ही गोल कोन्सेसांवचे. दुसरा गोल कानच्या हातून निसटला, हे कबूल. आपल्याकडे सामना सुरू झाला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. टीव्हीचा आवाज बंद ठेवून पाहिलेला तो तिसरा गोल माझ्यासाठी फुकटचा होणं शक्य नाही, एवढा पक्षपात सोडून द्या.

पोर्तोबद्दल मात्र मी एक पाऊलही मागे घेणार नाही. 'सातात तीन' हा हिशेब कागदावर चोख आहे. पण २०१७ च्या उन्हाळ्यात तो तिथे आला तेव्हा काय होतं ते बघा. प्रतिस्पर्धी बेन्फिका सलग चार वेळा विजेता. पोर्तोवर युएफाचे (युरोपीय फुटबॉल संघटनेचे) आर्थिक निर्बंध. खरेदी जवळजवळ शून्य, एक राखीव गोलरक्षक सोडला तर कुणी नाही. मग त्याने काय केलं? क्लबने लोनवर, म्हणजे उसनी म्हणून, दुसऱ्या क्लबांकडे धाडलेली मंडळी परत बोलावली. मारेगा गिमारायशला होता, अबूबकर बेशिकताशला. पोर्तोची जुनी सवय ४-३-३ची. याने या दोन धिप्पाड स्ट्रायकरना शेजारी शेजारी उभं केलं, चेंडू सरळ पुढे टाकायला लावला आणि गमावला की तिथेच झडप घालायची शिस्त लावली. दिसायला गोंडस नव्हतं. ८८ गुण मिळाले आणि लीग आली. मध्येच ऑक्टोबरमध्ये कॅसियाससारख्या नामांकित गोलरक्षकाला बाकावर बसवून जोसे सा याला खेळवलं.

२०२१-२२ तर याहून बोलकं आहे. भर हंगामात, जानेवारीत, संघाचा हुकमी खेळाडू लुईस दियास लिव्हरपूलला विकला गेला. घरातला कर्ता माणूस गेल्यावर घर जसं चालतं तसं चालेल असं वाटलं होतं. संघाने ९१ गुण केले, पोर्तुगीज लीगमधला तेव्हाचा विक्रम. त्याआधीच्या वर्षी तुरीनमध्ये स्ट्रायकर तारेमी लाल कार्डावर बाहेर गेल्यावर तासाभराहून अधिक काळ दहा जणांनी खेळून युव्हेंटसला चॅम्पियन्स लीगबाहेर काढलं होतं. हरलेल्या चार लीगपैकी तीनदा तो दुसरा आला. ऑगस्ट २०१९ मध्ये क्रास्नोदार या रशियन क्लबकडून हरून चॅम्पियन्स लीगच्या दारातूनच परत फिरला, ती मोठी चूक, आणि तुम्ही ती कशी विसरलात याचं नवल वाटतं.

मिलान. लीगमध्ये आठवा क्रमांक, चॅम्पियन्स लीगमध्ये डच क्लब फेयनूर्दकडून हार, इटालियन कपच्या अंतिम सामन्यात बोलोन्याकडून ०-१. बचाव करत नाही. पण ३० डिसेंबरला फोन्सेकाच्या जागी आलेला माणूस ६ जानेवारीला रियाधमध्ये इंटर या मिलान शहरातल्याच प्रतिस्पर्धी क्लबविरुद्ध ०-२ वरून ३-२ने इटालियन सुपरकप जिंकतो, हेही त्याच पाच महिन्यांतलं आहे. आणि इंटरचा दुसरा गोल कुणाचा? तारेमीचा, याच्याच हाताखाली पोर्तोत वाढलेल्या. माझं मत असं, की हा माणूस उपाशी क्लबचा कोच आहे. हाताशी थोडं असलं की त्याचा राग कामी येतो. मिलानसारख्या घरात तोच राग कपाट फोडतो. लेखात हे लिहायला हवं होतं. तुमच्यामुळे आता सुचलं.

गोव्याच्या ज्या वाचकाने खाली 'कोन्सेसांव आडनाव आमच्याकडेही आहे' म्हणून लिहिलंय, त्यांना वेगळं उत्तर देतो.

एक शेवटचं, तुम्ही विचारलं होतं म्हणून. हो, फ्रान्सिस्को कोन्सेसांव त्याचाच मुलगा. जून २०२५ मध्ये म्युनिकला नेशन्स लीगच्या उपांत्य सामन्यात बरोबरीचा गोल त्याने मारला, पोर्तुगाल २-१ने जिंकलं. समोर जर्मनीच होती. तुमच्या त्या 'फुकटच्या' सामन्यानंतर पोर्तुगालने जर्मनीला हरवलं ते थेट तेव्हा.