मेडिकेअर आणि औषधाचं कूपन : एक खुलासा

मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. तिथल्या मराठी ज्येष्ठांमध्ये एक सल्ला फिरतो आहे: 'मेडिकेअर कार्डासोबत औषध कंपनीचं बचत कूपन दाखवा, महागडं औषध जवळपास फुकट पडेल.' हे चूक आहे. कंपनीची अशी कूपनं खासगी विमा असणाऱ्यांसाठी असतात. सरकारी योजनेच्या बिलाला ती जोडायला तिथला लाचविरोधी कायदाच मनाई करतो. कूपनावरच्या बारीक अक्षरांतही हे छापलेलं असतं. माझी कळकळीची विनंती आहे, ती अक्षरं वाचा.

गुडआरएक्ससारख्या सवलत कार्डांचं वेगळं. ती मेडिकेअरऐवजी वापरता येतात, एकत्र नाही. काही स्वस्त जेनेरिक गोळ्या त्यावर खरोखर कमी दरात मिळतात, म्हणून काउंटरवर दोन्ही दर विचारावेत. मात्र 'पार्ट डी'मध्ये, म्हणजे मेडिकेअरच्या औषध विम्यात, स्वतःच्या खर्चाला वार्षिक मर्यादा आहे (२०२५ साली २,००० डॉलर), आणि सवलत कार्डावर भरलेले पैसे सहसा तिच्यात आपोआप धरले जात नाहीत. ज्यांची औषधं महाग, त्यांना हे फार जड जाऊ शकतं.

सीव्हीएस या औषध दुकानांच्या साखळीचे एक्स्ट्राबक्स, म्हणजे खरेदीवर मिळणारी बक्षीस-रक्कम, हेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधांना चालत नाहीत. शाम्पू, टूथपेस्टला चालतात, तेही मुदत संपण्याआधी.