केसांच्या तपासणीवर किती विसंबावे?

ब्राझीलमध्ये ट्रक आणि बसचालकांना परवान्यासाठी केसांची तपासणी सक्तीची आहे, या खऱ्या माहितीला जोडून एक दावा सर्रास पुढे पाठवला जातो: केसांवरून माणसाने अमली पदार्थ घेतले होते की नाही हे नेमके कळते, ही तपासणी चुकवता येत नाही, म्हणून परवाना मागणाऱ्या प्रत्येकाची ती करावी. रस्त्यावरचे मृत्यू थांबावेत ही तळमळ मलाही आहे. पण या तपासणीवर तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकला, तर निर्दोष चालकाची रोजीरोटी जाईल आणि रस्ता होता तेवढाच धोक्याचा राहील.

‘नेमके कळते’ हे आधी पाहू. डोक्याच्या मागच्या बाजूने पेन्सिलीच्या जाडीची बट टाळूलगत कापतात आणि तिचे मुळाकडचे टोक खूण करून ठेवतात. प्रयोगशाळेत ती धुऊन, बारीक करून तिचा अर्क मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंच्या वजनावरून द्रव्य ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासतात. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो, म्हणून मुळाकडचे ३ सेंमी म्हणजे सुमारे ३ महिने, असा हा सरासरीचा हिशेब असतो. खरी अडचण पुढे आहे: सापडलेला अंश रक्तातून केसात उतरला की बाहेरून चिकटला? कोकेनच्या बाबतीत शरीरात तयार होणारे उपपदार्थ शोधून ती बरीच दूर होते. गांजाच्या बाबतीत मात्र, ओढणाऱ्याच्या हातांतून, घामातून किंवा धुरातून त्यातली द्रव्ये दुसऱ्याच्या केसांत पोहोचू शकतात आणि म्हणून ती केसांत सापडणे हा सेवनाचा पुरावा ठरत नाही, असे जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठ रुग्णालयाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. शिवाय कोकेन आणि अँफेटामिनसारखी उत्तेजक द्रव्ये केसांना रंग देणाऱ्या मेलॅनिनला धरून राहतात, त्यामुळे तेवढ्याच सेवनानंतर काळ्याभोर केसांत ती जास्त सापडू शकतात. आपल्याकडच्या केसांचा रंग पाहता मला हा मुद्दा किरकोळ वाटत नाही.

तपासणी चुकवता येत नाही, हेही खरे नाही. ब्लीचमुळे द्रव्याचे प्रमाण घटते; म्हणूनच जर्मनीत परवाना परत मिळवण्यासाठी व्यसनमुक्ती सिद्ध करताना रंगवलेले वा ब्लीच केलेले केस स्वीकारत नाहीत. एखाद्याच वेळचे सेवन बहुधा निसटते. डोक्यावर केस नसले तर छातीचे किंवा पायाचे घेता येतात, पण त्यांच्या वाढीची गती वेगळी असल्याने सेवन केव्हाचे हे सांगणे अवघड होते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या दाव्यात येतच नाही. केस टाळूबाहेर यायला काही दिवस लागतात, म्हणून काल रात्री घेतलेली नशा आज कापलेल्या केसांत दिसणार नाही. चालक या क्षणी नशेत आहे का, हे रक्त किंवा लाळ सांगते. केस फार तर मागच्या काही महिन्यांतल्या वारंवार सेवनाची साक्ष देतात. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाचा रोख नशेत वाहन चालवण्यावर आहे आणि सराईत व्यसनी माणसाला अपात्र ठरवण्याची तरतूद १९ व्या कलमात वेगळी आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

प्रत्येकाची तपासणी करायची म्हटले तर गणितही पाहावे. समजा, १०,००० अर्जदारांपैकी १०० जण खरोखर सेवन करणारे आहेत आणि सेवन न करणाऱ्या शंभरातल्या एकाच्या अहवालात चुकीने सेवन दिसते. मग ९९ निर्दोष माणसे दोषी दिसतील; म्हणजे सेवन करणारे सगळे १०० जण सापडले तरी सेवन दाखवणाऱ्या अहवालांपैकी जवळजवळ निम्मे खोटे असतील.

ज्या ब्राझीलचा दाखला दिला जातो, तिथल्या २०१५ च्या कायद्याने ही तपासणी व्यावसायिक दर्जाच्या सी, डी आणि ई या परवान्यांसाठी आणली, किमान ९० दिवसांच्या कालावधीसाठी. आणि अहवालात सेवन दिसले तर फेरतपासणीचा हक्कही त्याच कायद्यात दिला. पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुरात नेमका हा हक्कच गाळलेला असतो.