मी मला उठवते

कॅनडाच्या पीआरला, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्याला, फ्रेंचचे जादा पॉइंट मिळतात असं नवऱ्याने कुठेतरी वाचलं आणि आम्ही दोघं संध्याकाळच्या क्लासला जाऊन बसलो. बोंजूर, मेर्सी वगैरे मजेत चाललं होतं. मग 'दिनक्रम' हा धडा आला, आणि तिथून सगळं बिनसलं.

आपण मराठीत नुसते उठतो हो. फ्रेंच माणूस 'म', म्हणजे 'मला', लावून स्वतःला उठवतो, मग स्वतःला धुतो, स्वतःला कपडे घालतो, संध्याकाळी स्वतःला फिरवून आणतो (कुत्र्याला फिरवायलाही हेच क्रियापद, फक्त तिथे 'म' नाही) आणि रात्री स्वतःलाच झोपवतो. चक्कर येऊन पडायचं तरी 'म' लावूनच पडायचं, म्हणजे शुद्ध हरपली तरी चालेल, सर्वनाम हरवायचं नाही! आणि विसरलात तर? 'ज म त्रोंप' म्हणजे माझी चूक होतेय. 'म' गिळला की 'ज त्रोंप', मी फसवतो. नवऱ्याने भर वर्गात हे खणखणीत आवाजात सांगितलं, तेव्हापासून मॅडम माझ्याशी फार प्रेमाने वागतात.

पण खरा छळ भूतकाळात. या सगळ्या क्रियापदांना 'एत्र' (म्हणजे 'असणे') जोडायचं आणि वर अ‍ॅग्रीमेंट करायचं, म्हणजे लिंग-वचन जुळवायचं. 'मी उठले' लिहिताना मी बाई म्हणून शेवटी एक जादा ई, नवऱ्याला नको. बरं, हा ई ऐकूही येत नाही! दोघांचं 'ज म स्वी लव्हे' कानाला अगदी सेम, मार्क मात्र माझा जातो. दोघं मिळून उठलो तर माझा ई पण गेला, नुसता अनेकवचनाचा एस, कारण वर्गभर बायका आणि एकच बाप्या असला तरी क्रियापद बाप्याचंच ऐकतं.

त्यात 'तिने आंघोळ केली' लिहिलं तर ई लागतो, 'तिने हात धुतले' लिहिलं तर ई गुल, कारण 'हात' हे कर्म क्रियापदाच्या नंतर येतं आणि उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं त्याला पंगतीत कोणी विचारत नाही. तेच हात सर्वनाम होऊन आधी येऊन बसले की ई परत हजर, सोबत एस, कारण फ्रेंचमध्ये हात स्त्रीलिंगी. कर्म आधी आलं तरच त्याला मान द्यायचा, हे खूळ सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो नावाच्या कवीने इटालियनवरून आणलं म्हणतात. कवीच तो, वेळ असणारच. आपलं बरंय, तिने हात धुतले, साडी धुतली, पातेलं धुतलं, कर्म कुठेही बसू दे, क्रियापद मुकाट त्याच्या मागे.

परवा यावरूनच घरात वाजलं. 'आम्ही एकमेकांशी बोललो' याला एस हवाच, दोघं आहोत ना, असं नवऱ्याचं म्हणणं. शेवटी मॅडमना व्हॉट्सअ‍ॅप केला. उत्तर आलं, 'आम्ही भांडलो' असेल तर अ‍ॅग्रीमेंट होतं, 'आम्ही बोललो' असेल तर होत नाही.

"हे मला पाठ करायला नको," नवरा म्हणाला.