भावाच्या पिल्लाचं लसींचं कार्ड

"ताई, तुमच्याकडे कुत्र्यांना रेबीजची लस देतच नाहीत म्हणे. मग आमच्याकडेच दरवर्षी का?" धाकट्या भावाने व्हिडिओ कॉलवर हे विचारलं तेव्हा त्याच्या मांडीवर अडीच महिन्यांचं पिल्लू झोपलं होतं. पाठोपाठ त्याच्या लसींच्या कार्डाचा फोटो आला: नाइन-इन-वन (एकाच सुईत नऊ घटकांची लस), केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला), रेबीज. यातलं खरंच काय लागतं आणि काय उगाच टोचलं जातं, हे त्याला माझ्याकडून हवं होतं.

मी ब्रिटनमध्ये राहते, आणि त्याने ऐकलंय ते खरं आहे. आमच्या कुत्रीच्या नेहमीच्या वेळापत्रकात रेबीज नाही. ती लस तिला एकदाच दिली, फ्रान्सला न्यायचं होतं म्हणून. आधी मायक्रोचिप, मग लस, मग २१ दिवस थांबणं. डिस्टेंपर, हिपॅटायटिस आणि पार्व्हो या तीन विषाणूजन्य रोगांचा बूस्टर तिला दर तीन वर्षांनी मिळतो आणि लेप्टोचा (उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) दरवर्षी. हे वेळापत्रक मला पूर्ण पटतं. पण तेच उचलून भारतातल्या कुत्र्याला लावायला माझा ठाम विरोध आहे. तो का, हे फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

ब्रिटनमधून रेबीज आपोआप गेलेला नाही. १८९७ मध्ये वॉल्टर लाँग या मंत्र्याने कुत्र्यांना मुसकं बांधणं सक्तीचं केलं. श्वानप्रेमी प्रचंड चिडले, पण लाँग मागे हटला नाही आणि १९०२ मध्ये देश रेबीजमुक्त झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस परदेशातून चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर रोग परत शिरला आणि पुन्हा घालवायला १९२२ उजाडलं. त्यानंतर कित्येक दशकं बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइनमध्ये काढावे लागायचे. २००० साली लस आणि कागदपत्रांवर प्रवेश मिळू लागला. आजही भारतातून कुत्रा आणायचा तर चिप आणि लसीनंतर रक्ततपासणीत रेबीजविरोधी अँटीबॉडी पुरेशा दिसाव्या लागतात, आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. आमच्या कुत्रीला दरवर्षी ती सुई लागत नाही, याचं कारण हा सगळा पहारा आहे. तो पहारा भावाच्या पिल्लाभोवती नाही.

भारतात रेबीजने वर्षाला किती माणसं मरतात, यावरच वाद आहे. जुने अंदाज वीस हजारांच्या आसपासचे होते, अलीकडच्या राष्ट्रीय पाहणीतून सुमारे ५,७०० असा अंदाज निघाला. लहान आकडा धरला तरी रोज पंधरा माणसं होतात. लक्षणं दिसू लागली की हा रोग जवळपास नेहमीच जीव घेतो, आणि माणसापर्यंत तो बहुतेक वेळा कुत्र्याच्या चाव्यातूनच येतो. अशा ठिकाणी रेबीजची लस 'द्यावी की नाही' हा प्रश्नच उरत नाही. पिल्लू बारा आठवड्यांचं झालं की पहिली मात्रा, धोका जास्त असलेल्या भागात दोन ते चार आठवड्यांत दुसरी, वर्षाने बूस्टर, आणि पुढे बाटलीवर आणि स्थानिक नियमात जेवढी मुदत असेल तेवढ्या अंतराने. काही लसींना तीन वर्षांची मान्यता असते, काहींना एकाच वर्षाची. भावाच्या कार्डावर दरवर्षी असेल तर दरवर्षी.

मायदेशातली चर्चा वाचताना मला एक गोष्ट सतत खटकते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं, अकरा दिवसांत त्यात बदल करून नसबंदी आणि लसीकरणानंतर बहुतेकांना मूळ जागी सोडायला सांगितलं, आणि घराघरात दोन तट पडले. या भांडणात पाळीव कुत्र्याचं कार्ड कुणी उघडून बघत नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची जबाबदारी स्पष्टपणे मालकावर टाकलेली आहे. घरातला कुत्रा जिन्यात भेटतो, लिफ्टमध्ये भेटतो, शेजारच्या मुलाच्या गळ्यात पडतो. त्याची लस ही त्या मुलाचीही ढाल आहे, त्यामुळे ती एकट्या मालकाच्या मर्जीची बाब राहत नाही. (आणि लस घेतलेला कुत्रा चावला तरी साबण-पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांकडे जायचंच. कार्ड दाखवून ते टाळायचं नाही.)

सगळ्या कुत्र्यांपैकी ७० टक्के लसवंत झाले की रेबीजची साखळी तुटते, असं शास्त्र सांगतं. हे आपल्याकडे घडू शकतं हे गोव्याने दाखवलं. तिथे जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या पथकांनी वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस दिली, आणि माणसांमधले रेबीजचे मृत्यू थांबले. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि परदेशी मित्रांना मी हे आवर्जून सांगते.

आता नाइन-इन-वनकडे. जगभरच्या पशुवैद्यांची संघटना, डब्ल्यूएसएव्हीए, लसींची जी मार्गदर्शिका काढते, तिच्यात डिस्टेंपर, अ‍ॅडेनोव्हायरस (हिपॅटायटिसचा विषाणू) आणि पार्व्हो या तीन लसी कुठल्याही देशातल्या कुठल्याही कुत्र्यासाठी आवश्यक मानल्या आहेत. पार्व्हो १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. तो जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, चपलांच्या तळव्यांवरून घरात येतो आणि रक्ती हगवणीने लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत संपवतो. डिस्टेंपरमधून वाचलेल्या कुत्र्यालाही पुढे झटके येऊ शकतात. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा तपासात हाच विषाणू सापडला होता. यात कपात करायला जागा नाही.

"एकदा दिली ना, मग पुन्हा पुन्हा कशाला?" हा भावाचा पुढचा प्रश्न होता आणि तो चांगला आहे. आईच्या चिकातून पिल्लाला तयार अँटीबॉडी मिळतात. त्या पिल्लाला सांभाळतात, पण लसही निकामी करतात. त्या कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. कुणाच्या आठव्या आठवड्यात, कुणाच्या चौदाव्या. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा द्यायची आणि शेवटची सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर. आधीच्या मात्रा वाया जाऊ शकतात, पण कुठली लागू पडेल हे आधी कळत नाही. तीन झाल्या म्हणून बाराव्या आठवड्यात थांबणं ही मला दिसणारी सगळ्यात महाग चूक आहे, आणि ती इथेही होते, तिथेही होते. सहाव्या महिन्याच्या आसपास आणखी एक मात्रा दिली की निसटलेली पिल्लंही पदरात येतात.

त्यानंतर या तिघांसाठी तीन वर्षांचं अंतर पुरतं. इथे मी परदेशातल्या शहाणपणाच्या बाजूने आहे. भारतात अनेकदा सगळंच्या सगळं दरवर्षी टोचतात, कारण एकाच बाटलीत सगळं येतं. भावाने व्हेटना विचारावं की पुढच्या वर्षापासून लेप्टो आणि रेबीज वेगळी देता येतील का. शंका असेल तर टायटर टेस्ट आहे. रक्तात या तिघांविरुद्धच्या अँटीबॉडी दिसल्या तर बूस्टर पुढे ढकलता येतो. रेबीजसाठी मात्र त्या तपासणीने नियम टळत नाही.

लेप्टोची गोष्ट वेगळी आहे. तिचं संरक्षण साधारण वर्षभराचं असतं आणि फक्त लसीत असलेल्या जातींपुरतंच. ब्रिटनमध्ये यावर कडाक्याचं भांडण चालतं: दोन जातींची जुनी लस की चार जातींची नवी? नव्या लसीने कुत्रे दगावतात अशा पोस्ट फिरतात. इथल्या औषध नियामकांकडच्या नोंदींत मात्र दर १०,००० मात्रांमागे संशयित तक्रारी सातपेक्षा कमी आहेत. उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरणारा हा रोग कुत्र्याची किडनी आणि यकृत खातो, आणि कुत्र्याकडून माणसालाही होतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो जवळून पाहिलाय. डब्ल्यूएसएव्हीएने २०२४ मध्ये, जिथे हा रोग कायम असतो तिथे ही लस आवश्यक धरली. जिथे दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, तिथे ती सोडण्याचा विचार मला करवत नाही.

केनेल कफ परिस्थितीवर. पिल्लू बोर्डिंगला, शोला, कुत्र्यांच्या गर्दीत जाणार असेल तर द्यावी, घरातच राहणार असेल तर थांबता येतं. नाइन-इन-वनमधला कोरोना हा कुत्र्यांच्या आतड्याचा वेगळा विषाणू आहे, बहुधा सौम्य. त्याची लस मार्गदर्शिकेत सुचवलेलीच नाही. कार्डावरची एकच ओळ मला खोडायची असती तर ती ही.

अमेरिकेतल्या एका पाहणीत निम्म्याहून जास्त श्वानपालकांना कुत्र्यांच्या लसींबद्दल कसली ना कसली शंका होती, आणि मोठ्या संख्येला लसीने कुत्र्याला ऑटिझम होईल असंही वाटत होतं. ती शंका आता फॉरवर्ड होत आपल्या घरांत पोचते आहे, 'परदेशात असं करतात' या शिक्क्यानिशी. त्या शिक्क्यात माझ्यासारख्यांचं नाव असतं, म्हणून मला गप्प बसवत नाही. लसीनंतर तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं असं क्वचित होतं, छोट्या चणीच्या कुत्र्यात एकाच वेळी अनेक लसी दिल्या तर थोडं जास्त. म्हणून दवाखान्यात अर्धा तास थांबावं, लसी दोन भेटींत विभागून मागाव्या. आणि लस फ्रिजमधून, दोन ते आठ अंशांतून, डोळ्यांसमोर काढलेली असावी. पॉवरकटमध्ये गरम झालेल्या बाटलीने कार्डावर स्टिकर लागतो, संरक्षण मिळत नाही.

भावाने हे सगळं ऐकून घेतलं. काल त्याचा मेसेज आला: रेबीजची तारीख पुढच्या महिन्यातली घेतली आहे, आणि जिन्याखाली बसणाऱ्या कुत्रीलाही त्याच दिवशी द्यायला व्हेट तयार आहेत, फक्त तिला धरायला दोघं लागतील.