अपघातानंतर गप्प राहणाऱ्या माणसाबद्दल

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेतला राग मला समजतो, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचा आक्षेप असा, की भीषण प्रसंगातून गेलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांत खोदून विचारू नका, असं सांगून मी घरच्यांना हात झटकायला मोकळीक दिली. तुमचा धाकटा भाऊ अपघातानंतर आठवडाभर गप्प होता, तुम्ही त्याला बोलतं केलंत, तो रडला आणि मगच सावरला. झोपेच्या गोळ्या लगेच देऊ नका, हे माझं मत तर तुम्हाला निर्दय वाटलं.

त्याला तुमच्याजवळ रडता आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यावरून सगळ्यांसाठी नियम करता येत नाही. तुम्हाला वाटतं तसंच तज्ज्ञांनाही वाटत होतं. १९८३मध्ये जेफ्री मिचेल यांनी आपत्कालीन सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी 'डीब्रीफिंग'ची पद्धत मांडली: घटनेनंतर लगेचच्या दिवसांत एकत्र बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते टप्प्याटप्प्याने सांगायला लावायचं. पुढे भाजलेल्या आणि अपघातातल्या रुग्णांवरही अशाच बैठकांचा प्रयोग झाला. अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २००२च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं, की अशा एका बैठकीने नंतरचा पीटीएसडी, म्हणजे भीषण प्रसंगानंतर रेंगाळणारा मानसिक आजार, टळत नाही. एका चाचणीत तर बैठक झालेल्यांनाच वर्षभरानंतर जास्त त्रास होत होता. हेतू चांगला असूनही असं झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्या दिवसांत शरीर अजून धोक्यातच असल्यासारखं वागत असतं. दार आपटलं तरी छाती धडधडते, झोप तुटते, काहींना तर सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटतं. अशा वेळी तपशील उकरून काढले, की माणूस पुन्हा त्याच क्षणात ढकलला जाऊ शकतो. तो आपणहून बोलू लागला, तर मात्र शेवटपर्यंत ऐका. मध्येच "विसर आता ते" म्हणू नका.

आणि हात झटकण्याबद्दल. न विचारता जवळ राहणं हे विचारण्यापेक्षा जास्त कष्टाचं काम आहे! त्याचे फोन घ्या, कागदपत्रांच्या मागे तुम्ही लागा, रात्री त्याच खोलीत झोपा. दचकून उठला, तर तो कुठे आहे, जवळ कोण आहे, हे शांतपणे सांगा. पाय जमिनीवर टेकवायला सांगा.

गोळ्यांबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा त्रासासाठी किंवा निद्रानाशासाठी पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपाइन गटातली औषधं (झोप आणि शांतता आणणाऱ्या गोळ्यांचा एक गट) देऊ नयेत. आधीपासून चालू असलेलं औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. जीव द्यायचे विचार येत असतील, खाणंपिणं सुटलं असेल, तर एक दिवसही थांबू नका. तुमच्या भावाच्या अपघाताला महिना उलटला असेल आणि अजूनही दुःस्वप्नं पडत असतील, तो गाडीत बसायचं टाळत असेल, तर प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तिथे त्या घटनेबद्दल बोलावं लागेल, अगदी तपशिलात, पण त्याला पेलेल अशा गतीने. फक्त भेटीची वेळ ठरवण्याआधी त्याला विचारा.